येमेनचा ठेका

निजामोद्दीनचाचांना सत्तरी येईपर्यंत कुणी परीक्षेला बसवलं नव्हतं. शाळा चौथीतच सुटली. सोयरीक जुळली तेव्हा सासऱ्यानं पोराचं तोंड पाहून होकार दिला. वाजवायला बोलावणारे तर किती जण येता आणि किती वाजता येता, एवढंच विचारायचे. आता मात्र नातीच्या कॉलेजात जाऊन त्यांना परीक्षा द्यायची होती, आणि त्या विचारानं त्यांचं जेवणावरचं मन उडालं होतं.

परीक्षा घेणारा होता सालेम, येमेन देशातून नांदेडला शिकायला आलेला एक किडकिडीत मुलगा. आपण कुणाची परीक्षा घेणार आहोत, याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नव्हती.

देगलूर नाक्याच्या आतल्या गल्लीत चाऊसांची पाच-सहा घरं आहेत. निजामाच्या फौजेत भरती व्हायला यांचे पूर्वज येमेनमधल्या हद्रमौत नावाच्या मुलखातून आले, आणि निजामाचं राज्य गेलं तरी हे इथंच राहिले. आता ही मंडळी घरात दखनी बोलतात, दारात मराठी बोलतात, आणि अरबी फक्त नमाजापुरती उरली आहे. पण चाचांच्या पणजोबांनी येताना एक गोष्ट आणली ती घरात टिकली. ती म्हणजे मर्फा. डफ, छोटा नगारा आणि मोठा ढोल यांचं हे वाजवणं काय असतं, ते नांदेडात कुणाला सांगावं लागत नाही. वरात मुसलमानाची असो, मराठ्याची असो नाहीतर लिंगायताची, मर्फा सुरू झाला की नवरदेवाचा मामा फेटा सावरत मध्ये उतरणार म्हणजे उतरणारच.

चाचांची एक खोड होती. सुरुवात करण्याआधी ते यजमानाला गाठून सांगत, "हे येमेनचं वाजवणं हाय बरं का. आमच्या पणज्यानं आणलेलं. त्यातला एक ठोका आम्ही इकडचा तिकडं केला न्हाई." यजमानाला त्याचं काय? त्याचं घोडं ताटकळलेलं, व्याही रुसलेला, मुहूर्त टळत आलेला. "हो हो चाचा, करा सुरू," म्हणून तो सुटका करून घेई. तरी चाचा सांगत. पुढं डीजेनं सुपाऱ्या पळवल्या, चाचांचा मुलगा फळांचा गाडा लावू लागला, आणि गल्लीत चाचांचा जो काही मान राहिला तो या एका वाक्यावर राहिला. हे वाक्यच खोटं निघालं तर आपल्याजवळ उरतं काय, असा प्रश्न त्यांना आधी कधी पडला नव्हता. तो पडला जिक्रामुळं.

जिक्रा ही त्यांची नात, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताह होता आणि शेवटच्या दिवशी पटांगणात देशोदेशींचे स्टॉल मांडून मोठा कार्यक्रम. कॉलेजात परदेशी मुलं म्हणाल तर सालेम, नेपाळचे दोघे भाऊ आणि इथिओपियाची एक मुलगी. एवढ्यांवर सगळं जग कसं उभं राहणार? मग कार्यक्रमाच्या प्रमुख दीपमाला मॅडमनी उरलेले देश विभागांना वाटून टाकले. केमिस्ट्रीला जपान गेला, कॉमर्सला ब्राझील, आणि मराठी विभागाच्या वाट्याला फ्रान्स आल्यावर त्याचे विभागप्रमुख दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. सालेमला त्याचा स्वतःचा देश मिळाला, पण तो पडला एकटा. एकट्यानं काय वाजवायचं आणि काय नाचायचं? तेव्हा जिक्रानं हात वर करून सांगितलं, "मॅडम, माझे दादाजान येमेनचा मर्फा वाजवतात."

मॅडमना आभाळ ठेंगणं झालं. जिक्रानं घरी येऊन सांगितलं तेव्हा चाचांनाही झालं. ते तसेच उठले, चहाच्या टपरीवर सांगून आले, मशिदीबाहेर सांगून आले, दाढी करणाऱ्याला तर दोनदा सांगितलं. जेवायला बसल्यावर मात्र हातातला घास हातातच राहिला. हा पोरगा खास तिकडचा. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हटलं, हे आमचं नाही, तर?

त्या दिवसापासून त्यांना सगळ्यात खोट दिसू लागली. आपल्या डफाचं कातडं बकऱ्याचं, तिकडं कशाचं असेल? आपण डफ छातीशी धरतो, तिकडं खांद्याशी धरत असतील? अशा एकेक खोटी काढता काढता त्यांचं मन रामलिंगपाशी येऊन थांबलं.

रामलिंग हा त्यांचा ढोलवाला. घराणं धर्माबादकडचं, लिंगायत, कपाळावर भस्माची तीन बोटं, नाक्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान. मिसरूड फुटायच्या आत तो चाचांच्या वडिलांकडं ढोल शिकायला आला आणि तिथंच रुळला. तेव्हापासून चाचांच्या डफाला जोड मिळाली ती रामलिंगच्या ढोलाचीच. दुसरी शोधायची कधी वेळच आली नाही. चाचांचं येमेनचं वाक्य सुरू झालं की हाच पाठीमागून कुजबुजायचा, "आले येमेनचे जहागीरदार! कंधारच्या पलीकडं पाय टाकला न्हाई कधी." अशी थट्टा दोघांत रोजचीच होती.

पण आता चाचांच्या डोळ्यांपुढं एकच चित्र येई. येमेनचा पोरगा समोर उभा आहे आणि त्याला पहिल्यांदा दिसतंय ते रामलिंगचं कपाळ. मग तो ऐकेल कशाला? आधीच म्हणेल, हे कुठलं आलंय येमेनचं! चाचांना आपल्या या विचाराची लाज वाटली. लाज वाटली तरी विचार काही गेला नाही.

शेवटी ते दुकानावर गेले. रामलिंग पंक्चर काढत होता. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहत होता.

"रामलिंगा, शनिवारी कॉलेजात कार्यक्रम हाय," चाचा म्हणाले.

"ऐकलंय. सगळ्या नाक्यानं ऐकलंय. कोणता सदरा घालू ते सांग."

चाचांनी घसा खाकरला. "म्या काय म्हणतो, तुझा गुडघा दुखून राहिला. तिथं लई वेळ उभं राहावं लागंल. यासेर येतो म्हणला ढोलाला."

"यासेर?" रामलिंगनं मान वर केली.

यासेर हा चाचांचा पुतण्या. मोबाईलचं दुकान चालवायचा आणि लग्नसराईत डीजेच्या गाडीवर बटणं फिरवायचा. ढोल त्यानं लहानपणी वाजवला होता, मोठ्यांनी ओरडून काढून घेईपर्यंत.

"घरचं पोरगं हाय," चाचा म्हणाले. "करंल कसंतरी."

रामलिंगचा गुडघा गेली कित्येक वर्षं दुखत होता आणि त्याच गुडघ्यावर त्यानं नांदेडातल्या निम्म्या वराती काढल्या होत्या. हे चाचांना ठाऊक होतं, आणि चाचांना ठाऊक आहे हे रामलिंगला ठाऊक होतं. त्यानं ट्यूब पाण्यातून काढली, फडक्यानं पुसली आणि चाचांच्या तोंडाकडं जरा वेळ पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "घरचं हाय म्हणता, तर घरच्यालाच घ्या."

आजवर तो चाचांना अरे-तुरे करत आला होता. चाचा परत निघाले तेव्हा त्यांना रस्ता ओलांडताना समोरची रिक्षासुद्धा दिसली नाही.

घरी सून रईसानं विचारलं, "रामलिंगचाचा येणार न्हाईत? मग ढोल?"

"यासेर हाय."

रईसानं परातीतली भाकरी जरा जोरात थापली, एवढंच.

शनिवारी सकाळी चाचा जिक्राचा हात धरून पटांगणात शिरले आणि घटकाभर आपली काळजी विसरले. मंडपभर झेंडे लावलेले, कुठून काय शिजल्याचा वास, आणि ओळखीचीच पोरं अनोळखी कपड्यांत. जपानच्या स्टॉलवर जळकोटची साक्षी आईच्या धर्मावरम साडीचा किमोनो करून उभी होती आणि येईल त्याला कमरेत वाकून नमस्कार करत होती. चाचांनी तिला सलाम केला. ती पुन्हा वाकली. चाचांनी पुन्हा सलाम केला. आधी कुणी थांबायचं हे दोघांनाही कळेना, तेव्हा जिक्रानं दादाजानना ओढून पुढं नेलं. फ्रान्सच्या स्टॉलवर मराठीचे विभागप्रमुख तिरकी टोपी घालून बसले होते. मुली त्यांच्यासोबत फोटो काढून घेत होत्या आणि सरांचा फ्रान्सवरचा राग बराच उतरलेला दिसत होता.

इथिओपियाच्या मुलीनं जमिनीवर हिरवं गवत पसरलं होतं. पांढरं लुगड्यासारखं वस्त्र नेसून ती तव्यावर कॉफीच्या बिया भाजत होती आणि धूर निघणारा तवा एकेकाच्या नाकापाशी नेऊन वास घ्यायला लावत होती. चाचांनी वास घेतला, छोट्या कपातली कॉफी प्याली आणि उठायला लागले, तर तिनं हातानंच खाली बसवलं. तिच्या गावी कॉफीला बसलं की तीन कप घ्यावे लागतात. एक घेऊन उठणं म्हणजे घराला नावं ठेवणं. तिसरा कप बरकतीचा असतो, असं तिनं सांगितलं.

"मग तो आधी द्यायचा की गं माय," चाचा म्हणाले, पण तिन्ही कप प्याले. आपल्याकडं पाहुण्याला आग्रह करकरून वाढणारी माणसंच तेवढी आहेत असं त्यांना वाटत आलं होतं. ही पोरगी तर रईसालाही भारी होती.

आणि मग येमेनचा स्टॉल आला. सालेम पांढरा पायघोळ झगा घालून उभा होता. खांद्यावर शाल, कमरेला जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर. खरा खंजीर कॉलेजात कोण आणू देणार? म्हणून पुठ्ठ्याचा करून त्याला सोनेरी कागद चिकटवला होता. चाचांना पाहताच तो धावत पुढं आला आणि वाकून त्यांच्या माथ्याला ओठ टेकवले. मग विचारपूस सुरू झाली. तब्येत कशी, घर कसं, मुलं कशी, पाय दुखतात का, आणि परत एकदा तब्येत कशी. तीन वर्षांत जमवलेली मराठी आणि हिंदी एकात एक मिसळून तो बोलत होता.

"तुझी माय कुठं असती?" चाचांनी विचारलं.

"घरी. लांब. तीन वर्षं मी गेलो नाही, रस्ता चांगला नाही. ती फोनवर रडते, मग मी नांदेडच्या गंमती सांगतो. मग हसते."

चाचांना पोरगा फार आवडला, आणि तो आवडला म्हणून भीती आणखी वाढली. कुणी टिनपाट माणसानं आपल्याला खोटं ठरवलं तर आपण ते झटकून टाकतो. असल्या गुणाच्या पोरानं ठरवलं तर ते मनाला लागून राहतं. जिभेवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला. आधी ऐकू तर दे त्याला, मग विचारू.

"दादाजान, ढोल कुठाय?" जिक्रानं विचारलं.

चाचांचं तोंड उतरलं. चाऊसांच्या घराला ओल येते, म्हणून ढोल पहिल्यापासून रामलिंगच्या दुकानात असायचा. तो मागायला जायला चाचांना तोंडच नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता शनिवार उजाडला होता.

"काका, ब्लूटूथ स्पीकर हाय माझ्याकडं," यासेर म्हणाला. "ढोलाचा आवाज लावू का मोबाईलवर?"

चाचांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं मोबाईल खिशात घातला.

तेवढ्यात फाटकातून एक स्कूटर आत आली. मागच्या सीटवर दोरीनं आवळलेला ढोल आणि पुढं रामलिंग. अंगात इस्त्रीचा सदरा, कपाळावर ताजं भस्म. त्यानं ढोल सोडवून खाली उतरवला. "गार पडलाय," तो कुणाकडंच न पाहता म्हणाला, "शेकून देतो."

कातडं तापवल्याशिवाय ढोल बोलत नाही आणि तापवायचं तर जाळ हवा. पटांगणात जाळ करायला मनाई आहे, असं म्हणत शिपाई आडवा आला. शेवटी दीपमाला मॅडमनी भिंतीकडची मोकळी जागा काढून दिली, वर जाळायला सराव परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही पाठवला. हे कळताच सगळ्या देशांची मुलं तिथं गोळा झाली. आपली उत्तरं एवढ्या चांगल्या कामी येतील असं त्यांना वाटलं नव्हतं. रामलिंग उकिडवा बसून ढोल जाळावर फिरवत होता. मधूनच टिचकी मारून कान लावी, पुन्हा फिरवी. शेकून झाल्यावर त्यानं तो यासेरच्या गळ्यात अडकवला, पट्टा त्याच्या उंचीला बसता केला आणि कडेच्या एका खुर्चीवर जाऊन बसला. चाचांना त्याच्याकडं पाहवेना.

"आणि आता, येमेन!" मॅडमनी माइकवरून पुकारा केला.

चाचा डफ घेऊन व्यासपीठावर चढले. नगाऱ्यावर त्यांचा मुलगा, ढोलावर यासेर, डोक्याला अरबी पद्धतीचा रुमाल बांधलेला. सालेम अगदी पुढं येऊन उभा राहिला. चाचांनी आपलं नेहमीचं वाक्य आज म्हटलं नाही. त्यांनी अल्लाचं नाव घेतलं आणि डफावर हात टाकला.

मर्फ्यात ढोलाला एक शिस्त असते. डफ एक फेरा घेऊन येतो आणि ढोलानं त्याच्यासाठी थांबायचं असतं. तो आला की त्याला हात द्यायचा. यासेर थांबेचना. त्याला डीजेची सवय, एकदा चढला की चढतच जायचं. डफ फिरून येई तोवर ढोल पुढच्या गल्लीत गेलेला. नगारा कुणाच्या मागं जावं या विचारात पडला. मुलं टाळ्या देत होती, पण पाय कुणाचे हलत नव्हते. सालेम हसऱ्या तोंडानं मान डोलावत होता, पाहुण्यानं घरातल्या लहान मुलाची कविता ऐकावी तसा.

चाचांचा हात थांबला. वाजवणं मध्येच तोडायची वेळ त्यांनी आयुष्यात येऊ दिली नव्हती. भर वरातीत घोडं उधळलं तेव्हाही नाही.

"रामलिंगा," त्यांनी हाक मारली. "ये."

रामलिंग उठला नाही. मंडपात चुळबुळ सुरू झाली. तेव्हा चाचा डफ घेऊन खाली उतरले आणि त्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

"ये बाबा. जमंना झालंय."

"माझा गुडघा दुखून राहिला न्हवं," रामलिंग म्हणाला. मग फक्त चाचांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यानं विचारलं, "का हे पुसून येऊ?" आणि बोट कपाळाकडं नेलं.

म्हणजे त्याला त्याच दिवशी सगळं कळलं होतं. कळूनही त्यानं ढोल आणून दिला होता, शेकून दिला होता, पोराचा पट्टासुद्धा नीट केला होता. चाचांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुसलंस तर हाच डफ तुझ्या डोक्यात घालीन," ते म्हणाले. "भ्यालो होतो रे मी. अक्कल गेली होती माझी. चल आता."

रामलिंगनं थोडा वेळ लावला. लावायलाच हवा होता. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, व्यासपीठावर गेला, आणि यासेरनं एकदाची सुटका झाल्यागत ढोल काढून त्याच्या गळ्यात घातला.

पहिला ठोका पडला आणि पटांगणाच्या अंगात आल्यासारखं झालं. हा ठेका त्या मुलांनी आईच्या कडेवर असताना ऐकला होता. भावाच्या लग्नात ऐकला होता, गणपतीपुढं ऐकला होता. कॉमर्सचा सगळा ब्राझील उठला. नेपाळचे भाऊ उठले. नाचता नाचता साक्षीच्या किमोनोची पुन्हा साडी झाली, तिनं पदर खोचला आणि नाचतच राहिली. मराठीच्या विभागप्रमुखांनी टोपी खिशात कोंबून दोन्ही हात वर केले. दीपमाला मॅडम माइक हातात धरून होत्या, त्या माइकसकट उतरल्या. सालेमला दोन पोरांनी ओढून मध्ये नेलं आणि खांदे कसे हलवायचे, गुडघे कसे वाकवायचे ते शिकवू लागली. तो चुकत होता, हसत होता, पुठ्ठ्याचा जंबिया वर धरून पुन्हा चुकत होता. व्यासपीठावर डफ फिरून आला की ढोल बरोबर त्याच्यासाठी थांबलेला असे. चाचांनी रामलिंगकडं पाहिलं. रामलिंग डोळे मिटून वाजवत होता.

थांबले तेव्हा सगळे घामानं निथळत होते. सालेम धापा टाकत व्यासपीठाशी आला. त्याचे डोळे चमकत होते, आणि ते पाहून चाचांना हिंमत आली. आता याच्या तोंडून एकदाचं ऐकून घ्यावं. जिक्रा आहे, मुलगा आहे, रामलिंग आहे. सगळ्यांच्या समोर.

"बेटा, खरं सांग," ते म्हणाले. "हे तुमच्याकडचंच हाय न्हवं?"

सालेमचं हसू ओसरलं. त्यानं एकदा जिक्राकडं पाहिलं. खोटं बोलला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं, पण चाचांनी खरं सांग म्हटलं होतं, आणि वडीलधाऱ्यानं तसं म्हटल्यावर खोटं बोलायची त्याला घरची शिकवण नव्हती.

"चाचा, मी तइझचा. डोंगरातला," तो हळू म्हणाला. "आमच्याकडं असं नाही वाजवत. मी हे पहिल्यांदा इथं ऐकलं. हॉस्टेलसमोर लग्न होतं तेव्हा. मला वाटलं, हे मराठी आहे."

चाचांना पायाखालची फळी हलल्यासारखं वाटलं. त्यांनी मान डोलावली, "बरं बेटा, बरं," म्हणाले, आणि डफ फडक्यात गुंडाळायला लागले. फडक्याची गाठ बसेना. इतक्या वरातींत, इतक्या यजमानांना, इतक्या छातीठोकपणे सांगितलेलं ते वाक्य आता त्यांच्याच कानांत वाजत होतं आणि त्याची त्यांना शरम वाटत होती. जिक्राचे डोळे भरून आले. चाचा वाट पाहत होते ती रामलिंगच्या हसण्याची. आज त्याला हसायचा हक्क होता. त्यानं पोट धरून हसावं, हवं ते बोलावं, आपण खाली मान घालून ऐकून घ्यावं, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

रामलिंगनं ढोल उतरवून ठेवला. गुडघा सांभाळत तो व्यासपीठाच्या पायऱ्या उतरला आणि सालेमसमोर जाऊन उभा राहिला.

"बाळा, कुठला म्हणलास तू?"

"तइझ."

"समिंदर हाय का तिथं?"

"नाही. डोंगर आहेत. समुद्र लांब."

"मग तुला कसं म्हाईत असंल?" रामलिंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, गिऱ्हाइकाला सायकलीतली खोड समजावून सांगावी तसा तो बोलत होता. "ह्याचा पणजा हद्रमौतचा. तिकडून गलबतात बसून आलेला. आता मला कुणी कोकणातल्या माणसांचं इचारलं तर मी काय सांगणार? तुझी चूक न्हाई त्यात. पण हे येमेनचंच वाजवणं हाय. म्या ह्याच्या बापाच्या हाताखाली शिकलोय. चुकलो की म्हातारा टिपरी हाणायचा बोटावर, म्हणायचा, येमेनात असं वाजवत न्हाईत, पुन्हा कर. रगत निघायचं, पण पुन्हा करायचो. उगंच मार खाल्ला का म्या? मला इचार. मी सांगतो तुला, येमेनचंच हाय."

सालेमनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग छातीवर हात ठेवून मान लववली. "खरं आहे काका," तो म्हणाला. "हद्रमौत मी पाहिलं नाही. मला माहीत नव्हतं, आता कळलं."

चाचा फडक्याची गाठ हातात धरून तसेच उभे होते. साक्ष मागायला ते येमेनच्या पोराकडं गेले होते, आणि ज्याला त्याच पोरासमोर यायला बंदी केली, त्यानंच येऊन साक्ष दिली होती. रामलिंगला खरंच तसं वाटत होतं, की मित्रासाठी तो रेटून बोलला, हे त्यांना कळलं नाही. पुढंही त्यांनी ते कधी विचारलं नाही. त्या क्षणी त्यांना फक्त एवढंच वाटत होतं की या माणसाचे पाय धरावेत, आणि धरले तर तो लाथ मारून शिव्या देईल हेही कळत होतं.

सालेमचं कुतूहल जागं झालं होतं. तो रामलिंगकडं निरखून पाहत होता, त्याच्या कपाळाकडं, त्याच्या हातांकडं.

"काका," त्यानं विचारलं, "तुम्ही पण मग तिकडचे?"

रामलिंग काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तोच चाचा पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"हाव," ते म्हणाले. "आमच्या पणज्यासंगंच आलेला हाय हा."